३१ जीबीचा गठ्ठा आणि गल्लीतले दिवाळी अंक

सकाळी पावणेसातला दुधाची पिशवी आत घ्यायला दार उघडलं आणि फोनवर मेल येऊन पडला. आमच्या संग्रहासाठी ज्यांच्याकडे सर्व्हर भाड्यानं घेतलाय त्यांचा. महिन्याचा १ टीबी (साधारण हजार जीबी) डेटा संपलाय, खातं थांबवलंय, पुढचं पॅकेज घ्या. त्या दिवशी महिन्याची पाच तारीख होती.

झालं असं की आदल्या रविवारी कुणीतरी व्हॉट्सॲपवर सोडून दिलं, ‘जुन्या कोल्हापूरची हँडबिलं, अंक, पंचांगं फुकट. लवकर उतरवा, नंतर काढून टाकणार आहेत.’ शेवटचं वाक्य त्या भल्या माणसाच्या पदरचं. आणि तेच लागू पडलं. लोकांनी एकेक वस्तू उघडून बघण्याच्या भानगडीत न पडता थेट ‘संपूर्ण संग्रह’ हे बटण दाबलं. मीच हौसेनं ठेवलेलं.

मी शाहूपुरीत डीटीपी आणि स्कॅनिंगचं दुकान चालवते. लग्नपत्रिका, प्रबंध, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, हे पोटाचं काम. संग्रहाचं काम २०१९ च्या पुरानंतर मागं लागलं. त्या ऑगस्टात नदीच्या बाजूच्या एका जुन्या वाचनालयात पाणी शिरलं आणि खालच्या तीन फळ्यांचा लगदा झाला. तो लगदा घमेल्यानं उपसताना मी तिथं होते. आमच्याकडे पावसाळ्यात घराघरात राजाराम बंधाऱ्याची पातळी पाठ असते, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पण कागद कुठल्या फळीवर ठेवलेत हे कुणी बघत नाही. त्यानंतर जे हाताला लागेल ते स्कॅन करायला घेतलं. कुस्ती मैदानांची हँडबिलं, नाटक कंपन्यांच्या जाहिराती, बंद पडलेली साप्ताहिकं, छापखान्यांची कॅलेंडरं. लेखक असेल तर तो जाऊन ६० वर्षं झालेली, नाव नसेल तर छापून ६० वर्षं उलटलेली, एवढं पथ्य पाळून. आज ६४० वस्तू आहेत आणि सगळ्या मिळून ३१ जीबी.

आता गणित करा. एक माणूस सगळा गठ्ठा नेणार, ३१ जीबी. बत्तीस माणसं झाली की ९९२. म्हणजे तेहतिसावा माणूस रस्त्यात असतानाच आमचं दार बंद.

अण्णांना हे सांगितलं. अण्णा म्हणजे निवृत्त कंपोझिटर, खिळे जुळवण्यात हयात गेलेली, आता संग्रहातल्या नोंदी तपासतात. ते म्हणाले, ‘म्हणजे लोकांनी माल नेला म्हणून दुकान बंद? असला धंदा कुठं बघितला न्हाई.’

पुण्याला हिंजवडीत असलेल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘मावशी, टॉरेंट लाव. म्हणजे लोक तुझी फाइल एकमेकांकडूनच उतरवून घेतील.’

टॉरेंट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं आला तो शुक्रवारी प्रदर्शित होऊन शनिवारी पोरांच्या पेन ड्राइव्हवर फिरणारा सिनेमा. म्हटलं, ‘लेका, माझ्यावर गुन्हा दाखल झाला म्हणजे? मी नाही करत असलं काही.’ (परगावच्या वाचकांसाठी: कोल्हापुरात आम्ही बायका बोलताना ‘मी करतो, मी जातो’च म्हणतो. लिहिताना मात्र शाळेतल्या बाई आठवतात आणि ‘करते’ होतं.) त्यानं सांगितलं, दुकानातल्या जुन्या मशीनवर मी तुला विंडोजऐवजी जे उबुंटू घालून दिलं ते टॉरेंटनंच उतरवलं होतं. डेबियन, लिबरऑफिस, असली फुकट सॉफ्टवेअर देणारे सगळे स्वतःहून टॉरेंट देतात. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयानं २०१२ सालीच आपल्या दहा लाखांवर वस्तू टॉरेंटनं खुल्या केल्या. चोरीचा माल टेम्पोतून गेला म्हणून टेम्पोच चोर ठरत नाही, हे त्याचं वाक्य. मला पटलं, कारण पत्रिकांचे गठ्ठे न्यायला मलाही टेम्पोच लागतो.

ही युक्ती ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रॅमरनं २००१ च्या जुलैत जगापुढं ठेवली. तेव्हा मी राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजत होते आणि दोन एमबीची फाइल अर्ध्यात तुटली की जीव जायचा. युक्ती साधी आहे, आणि ती मला समजली ती आमच्या गल्लीतल्या दिवाळी अंकांमुळं.

माझ्या लहानपणी गल्लीत आठ-नऊ घरं अंक घ्यायची. प्रत्येकानं एक किंवा दोन, पण वेगवेगळे. मग पाडव्यापासून अदलाबदल सुरू. आईचा एक नियम होता. जो अंक गल्लीत एकाच घरी आहे तो आधी मागून आणायचा, कारण ते पाहुण्यांकडे गेले किंवा अंकावर चहा सांडला की संपलं. पाच घरांत आहे तो संक्रांतीला वाचला तरी चालतो. दुसरा नियम कुणी बोलून दाखवत नसे, पण पाळत सगळे. जे घर देतं त्याला आधी द्यायचं. एक काकू होत्या, त्यांनी कधी एकही अंक विकत घेतला नाही आणि दिला नाही. त्यांना मिळायचा, पण सगळ्यांचं वाचून झाल्यावर, शब्दकोडं भरलेला. आणि गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की आई आपणहून एखादा अंक त्यांच्याकडे पाठवायची. त्यांच्याकडे काय आहे हे कळायचं कसं, नाहीतर?

टॉरेंटमध्ये हे जसंच्या तसं आहे. फाइलचे तुकडे करायचे. प्रत्येकानं सर्व्हरकडून थोडे घ्यायचे आणि उरलेले एकमेकांकडून. ज्या तुकड्याच्या प्रती सगळ्यांत कमी, तो आधी मागायचा. आपल्याला कोण किती देतंय याचा हिशेब प्रोग्रॅम दर दहा सेकंदांनी करतो आणि देणाऱ्याला आधी देतो. दर तीस सेकंदांनी मात्र एका अनोळख्याला काही न बघता देऊन बघतो. कोहेननं २००३ मध्ये यावर निबंध लिहिला तेव्हा हे आकडे त्यात दिले होते. आईनं निबंध लिहिला नाही, एवढाच फरक.

तुकड्याचं मात्र अण्णांनी माझ्या आधी ओळखलं. ‘तुकडा कसला, फॉर्मा म्हण की.’ पुस्तक छापताना सोळा पानांचा एक फॉर्मा. प्रकरण मध्येच संपलं तरी फॉर्मा सोळाचाच, तो प्रकरणाला विचारत नाही. इथंही तेच. मी ४ एमबीचा तुकडा ठरवला, तर ३१ जीबीचे ७,९०० च्या वर तुकडे झाले, आणि एखाद्या तुकड्यात एका हँडबिलाचं शेपूट आणि पुढच्या पंचांगाचं मुखपृष्ठ असं एकत्र आलं. म्हणून गठ्ठ्यातली एकच फाइल निवडून घेतली तरी शेजारच्या फाइलचा थोडा कपटा सोबत येतो.

प्रत्येक तुकड्याचा एक ठसा काढलेला असतो, २० बाइटचा. हे सगळे ठसे एका छोट्या फाइलमध्ये असतात, तीच टॉरेंट फाइल. एकतीस जीबीच्या गठ्ठ्याची ही पावती भरली दोनशे केबीच्या आतबाहेर. तुकडा कुणाकडूनही येवो, ठसा जुळला तर ठेवायचा, नाही जुळला तर टाकून पुन्हा मागायचा. अण्णा खूश. ‘म्हणजे परक्यानं जुळवलेल्या फॉर्म्याचं प्रूफ आपण घरी बघायचं. झ्याक हाय.’

आता खरं काय झालं ते.

पहिली चूक: मी प्रत्येक वस्तूचं वेगळं टॉरेंट केलं. ६४० टॉरेंट. दिसायला छान, प्रत्येक हँडबिलाखाली एक बटण. पण १९३० च्या आसपासच्या कुस्तीच्या हँडबिलासाठी एका वेळी दोन माणसंसुद्धा येत नाहीत. वाटून घ्यायला दुसरा कुणी तरी पाहिजे ना! उबुंटूची नवी आवृत्ती आली की पहिल्याच दिवशी हजारो लोक तीच फाइल मागतात, तिथं गर्दी वाढेल तसा वेग वाढतो. आमच्याकडे गर्दी एकदाच झाली, तीही अफवेमुळं. त्यामुळं डेटाची बचत होणार म्हणून कुणी लहान संग्रहावर टॉरेंट लावायला निघाला असेल तर त्यानं आधी आपल्याकडे एकाच वस्तूला एकाच वेळी किती गिऱ्हाइकं येतात ते बघावं. शेवटी सरळ केलं. एकच वस्तू हवी असेल तर पीडीएफ थेट सर्व्हरवरून. ते सगळं मिळून काही फार होत नाही, बहुतेक लोक फोनवरच असतात आणि त्यांना टॉरेंटचं नावही नको असतं. सगळा गठ्ठा हवा असेल तर मात्र टॉरेंटच. ते हौशी बटण काढून टाकलं.

गठ्ठ्यालाही रात्री-अपरात्री देणारा कुणीच नसला तर? त्यासाठी वेब सीड नावाची सोय आहे. टॉरेंट फाइलमध्ये आपल्या सर्व्हरचा पत्ता लिहून ठेवायचा. दुसरं कुणी देत असेल तर त्यांच्याकडून, नसेल तर प्रोग्रॅम साध्या वेबवरून तेवढाच तुकडा सर्व्हरकडे मागतो. इंटरनेट आर्काइव्हच्या टॉरेंटमध्येही हीच तजवीज असते. हे लावल्यापासून आमच्या सर्व्हरनं टीबीची मर्यादा ओलांडलेली नाही.

शिवाय घरी एक जुना लॅपटॉप आणि २ टीबीची डिस्क चोवीस तास वाटायला बसवली. माळ्यावर. पूर बघितलेलं माणूस डिस्क जमिनीवर ठेवत नाही. पंधरा दिवस झाले तरी त्या लॅपटॉपनं बाहेर जवळजवळ काही दिलं नव्हतं. भाच्यानं राउटर उघडायला लावलं. त्यात बाहेरचा म्हणून जो इंटरनेटवरचा पत्ता (आयपी) होता तो १००.६४ पासून सुरू होत होता. म्हणजे खरा सार्वजनिक पत्ता नाहीच. नेटवाला एकच पत्ता कितीतरी घरांत वाटतो. चाळीचा पत्ता आहे, पण खोली नंबर पोस्टमनला माहीत नाही, अशी गत. आपण बाहेर पत्र टाकलं तर त्याचं उत्तर येतं, पण बाहेरच्यानं आपणहून आपल्याला पत्र टाकायचं म्हटलं तर ते पोचत नाही. घ्यायला आलेला माणूसही असल्याच चाळीत राहणारा असेल तर दोघं एकमेकांच्या दाराबाहेर उभे.

नेटवाल्याच्या ऑफिसात गेले. तिथला पोरगा म्हणाला, ‘मॅडम, यूट्यूब चालतंय न्हवं?’ चालतंय. ‘मग प्रॉब्लेम काय?’ त्याला माझा प्रॉब्लेम समजायला तीन खेपा गेल्या. शेवटी स्टॅटिक आयपीचे, म्हणजे फक्त आपल्या घराच्या कायमच्या पत्त्याचे, वर्षाचे पैसे भरले तेव्हा कुठं माळ्यावरचा लॅपटॉप कामाला लागला.

पण त्या तीन खेपांच्या मधल्या काळात जे झालं ते सांगण्यासाठीच खरंतर हे लिहायला बसले होते.

त्या आठवड्यात गठ्ठा उतरवणारे अकरा जण होते. एकाचा मेल आला की ९९.८ टक्क्यांवर अडकलंय. मग दुसऱ्याचा. संध्याकाळपर्यंत कळलं, अकराच्या अकरा ९९.८ वर. एकमेकांकडे जे होतं ते सगळं वाटून झालेलं आणि एकच फाइल कुणाकडेही नाही, ‘शेतकऱ्यांच्या सभेचा वृत्तान्त’, वीस पानी पुस्तिका, ५८ एमबी. गल्लीत कुणीच न घेतलेला अंक. सर्व्हरवर बघितलं तर फाइल जागेवर. नाव तेच. क्लिक केलं, उघडली. मग अडचण काय?

सर्व्हरच्या नोंदी काढल्या. ओळीमागून ओळ ४०४, फाइल सापडत नाही. मागितलेलं नाव आणि असलेलं नाव कागदावर एकाखाली एक लिहिलं. काही फरक नाही. अण्णांना चष्मा लावून बघायला दिलं. त्यांनी पन्नास वर्षं प्रुफं वाचलीत. ‘एकच हाय की,’ म्हणाले.

मग बाइट, म्हणजे संगणक अक्षरांमागं जे आकडे साठवतो ते, उघडून बघितले. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातला तो अर्धा ऱ. मी इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर टाइप करते, शिफ्ट दाबून इंग्रजी ‘जे’ची कळ, त्यातून ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, मग हलन्त, मग य. टॉरेंट करताना हेच नाव गोठलं होतं. दुकानात मदतीला येणारी कॉलेजची मुलगी आहे, तिनं मध्ये त्या फाइलचं नाव बदललं होतं, मी रागावल्यावर पुन्हा पहिल्यासारखं केलं. म्हणजे पुन्हा टाइप केलं, फोनवरच्या कीबोर्डनं. त्या कीबोर्डनं साधा र, हलन्त आणि त्यामागं एक न दिसणारं जोडचिन्ह घातलं. पडद्यावर दोन्ही अगदी तेच दिसतात. आतून एकाची सुरुवात ई०-ए४-बी१, दुसऱ्याची ई०-ए४-बी०, आणि पुढं तीन बाइट जास्त. संगणकाच्या लेखी दोन वेगळी माणसं. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कऱ्हाड’, जिथं जिथं हे अक्षर आहे तिथं तिथं मराठीला हा धोका. इंग्रजीत नावं ठेवणाऱ्यांना हे कधी कळायचंही नाही.

नाव इनस्क्रिप्टनं पुन्हा लिहिलं. अकराच्या अकरा जणांचं डाउनलोड अर्ध्या तासात पूर्ण झालं. त्या मुलीला काही बोलले नाही. चुकलं तिचं नव्हतंच.

नावांचा आणखी एक जाच. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार सगळं धरून ८५. जुन्या हँडबिलाचं शीर्षक ‘श्रीमंत’पासून सुरू झालं तर आश्रयदात्याच्या नावापाशीच ८५ संपतात, नाटकाचं नाव यायच्या आधी. आता फाइलला फक्त क्रमांक, देवनागरी नाव आत सूचीत. अण्णांना आवडलं नाही, पण तसं केलं.

आणि चुकीची दुरुस्ती. एका साप्ताहिकाचं एक पान उलटं स्कॅन झालेलं सापडलं. सुलटं करून सर्व्हरवर टाकलं आणि गठ्ठ्याचं नवं टॉरेंट केलं. एका बाइटनंही ओळख बदलते, त्यामुळं जुन्या टॉरेंटवर अकरा माणसं आणि नव्यावर शून्य. वास्तविक जुन्याच फोल्डरवर नवं टॉरेंट लावलं की प्रोग्रॅम सगळं तपासून फक्त बदललेली फाइल उतरवतो. पण हे फोनवर अकरा जणांना समजावून सांगताना माझा घसा बसला, आणि दोघांनी तरीही पहिल्यापासून ३१ जीबी उतरवलं. उपाय अण्णांनीच दिला, त्यांच्या धंद्यातला. छापून झालेल्या पुस्तकाचा फॉर्मा कुणी बदलतं का? शुद्धिपत्र लावतात. आता गठ्ठा दिवाळीच्या पाडव्याला बंद होतो. त्यानंतरच्या दुरुस्त्या ‘शुद्धिपत्र’ नावाच्या वेगळ्या छोट्या टॉरेंटमध्ये.

एक गोष्ट मात्र घेणाऱ्यांना आधीच सांगते. टॉरेंटवर कोण कोण आहे त्यांचे आयपी पत्ते एकमेकांना दिसतात. आमच्या कुस्तीच्या हँडबिलांत लपवण्यासारखं काही नाही, पण न सांगणं बरं दिसत नाही.

गेल्या महिन्यात आजऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. त्यांना सगळा गठ्ठा हवा होता आणि गावात नेट इतकं मंद की ३१ जीबीला महिना लागला असता. मी डिस्कवर सगळं उतरवून एसटीच्या पार्सलनं पाठवलं. सोबत टॉरेंट फाइल आणि एका कागदावर पायऱ्या: डिस्क लावा, टॉरेंट उघडा, हाच फोल्डर दाखवा, ‘पुन्हा तपासा’ दाबा. दोन तासांनी फोन. ‘बाई, ९९.९ वर थांबलंय. तीन तुकडे खराब म्हणतंय.’ माझ्या केबलचं तोंड जरा ढिलं आहे, कॉपी करताना कुठंतरी हललं असणार.

म्हटलं, काही करू नका, तसंच चालू राहू द्या. तीन तुकडे, १२ एमबी. तेवढं त्यांच्या नेटला झेपलं. रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या यादीत त्यांचा पत्ता पूर्ण झालेल्यांत दिसला, आणि थोड्या वेळानं त्यांच्याकडून बाहेर जाणारे आकडेही हलायला लागले. के‌बी-केबीनं, पण हलायला लागले.

दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘तीन फॉर्मे कुठले बिघडले होते?’ मला त्यात काय मोठंसं वाटलं नव्हतं, पण त्यांच्यासाठी यादी काढून बघितली. दोन एका सहकारी सोसायटीच्या अहवालातले. तिसऱ्यात अर्धं एक कॅलेंडर आणि अर्धी शेतकऱ्यांची सभा.